भट्टी चालू होती

"हा कुठला नमुना पकडून आणलास, रेणुका?"

सर म्हणाला आन् लॅबमधली सगळी पोरं हसली. मी बी हसलो. हात जोडून हसलो, येड्यावानी.

मला वाटलं सर मान देतोय. माझ्या पोरीच्या तोंडात नमुना हा शब्द लई मोठा होता. घरी आली की सांगायची, अप्पा, माझा नमुना चांगला आला, अप्पा, माझा नमुना वाया गेला. पांढरी भुकटी. चिनी मातीच्या वाटीत घालून भट्टीत भाजायची, खलायची, पुन्हा भाजायची. आपल्याकडं बोअरच्या पाण्यानं लेकरांचे दात पिवळे पडत्यात, म्हाताऱ्यांची हाडं वाकत्यात. ते पाण्यातलं जहर वढून घेणारी भुकटी. तिची पीएचडी त्याच्यावरच. नमुन्याची बाटली ती अशी धरायची, जसं तान्हं लेकरू. म्हणून सरानं मला नमुना म्हणलं तवा माझी छाती फुगली.

मग पोरीचं तोंड बगितलं. पांढरंफट. तवा कळलं.

"माझे वडील आहेत, सर."

"वडील? अच्छा. म्हणजे वडार ना तुम्ही? दगड फोडता." सर खुर्चीतनं उठला न्हाई. "तरीच हिच्या हातून इतकी काचेची भांडी फुटतात."

पुन्हा हसले. माझ्या हातात धपाट्याची पिशवी होती. पोरीच्या आईनं सकाळी उठून केलेले. सरासाठी बी वेगळे बांधले होते, केळीच्या पानात.

"ते बाहेर ठेवा," सर म्हणाला. "इथे वास नको."

ठेवले बाहेर. दाराशी. चपलांजवळ.

मी चौथी शिकलेला माणूस. माझं लिवणं असंच हाय, दगडावर छन्नी मारल्यावानी. तरी लिवतोय. बोललो तर चौकीत नेत्यात.

भूकंप झाला तवा आम्ही औशाकडं एका गावाबाहेर पालात राहत होतो. पालाला काय पडायचंय? चार बांबू आन् फाटकं कापड. पडलं ते गाव. दगडमातीच्या हातभर रुंद भिंती झोपल्या माणसांवर आल्या. मी आन् माझी बायको यल्लव्वा पहार घेऊन पळालो. भिंत कुठनं उचलायची ते आम्हालाच माहीत. एक हात दिसला म्हणून वढला, तर हातच आला. बाई आली न्हाई. यल्लव्वानं तो हात लुगड्याच्या पदरात बांधला आन् पुन्हा दगड काढायला लागली. रेणू तिच्या पाठीला बांधलेली होती, दूधपिती.

तिसऱ्या दिवशी त्याच गावचा एक वाचलेला माणूस आमच्यावर धावला. "तुमच्याच दगडानं मारलं रे आमाला! तुमच्यातलं एक तरी मेलं का?" फेकला दगड. यल्लव्वाचं कपाळ फुटलं. आम्ही पाल गुंडाळलं आन् लातूर धरलं.

लातुरात तवा क्लासचं पीक आलं होतं. जिकडं बगावं तिकडं क्लास, क्लासशेजारी पोरांची वसतिगृहं, मजल्यावर मजला. दगडाची भिंत कुणालाच नको होती. सिमेंट पाहिजे. पण सिमेंटात खडी लागती, आन् खडी आमी फोडली. यल्लव्वानं उभी जिंदगी खडी फोडली. ती धूळ गिळत गेली आन् पोरगी त्याच क्लासच्या पायऱ्या चढत गेली. बीएस्सी झाली, एमएस्सी झाली. मग नांदेडच्या एका कॉलेजात पीएचडीला लागली. त्या दिवशी यल्लव्वानं अख्ख्या वस्तीला गूळ वाटला. पीएचडी म्हणजे काय ते तिला सांगता येत नव्हतं. म्हणायची, "पोरगी दगड भाजती. आमी फोडतो, ती भाजती."

आता सराचा नियम सांगतो. लॅबमधे फोन चालायचा न्हाई. सकाळी आलं की ज्यानं त्यानं आपला फोन सराच्या टेबलाच्या खणात टाकायचा. खणाला कुलूप. किल्ली सराच्या खिशात. मोठी मोठी पोरं, लगीन झालेली, लेकरंबाळं असलेली, आन् फोन खणात. सही सराच्या हातात होती. सही न्हाई तर पीएचडी न्हाई. म्हणून सगळे गप.

एक दिवस सकाळी यल्लव्वा नळावर गेली आन् तितंच बसली. खोकला आला, खोकल्यात रगत आलं. घागर लाल झाली. सरकारी दवाखान्यात नेली. डॉक्टर म्हणाला, छाती दगड झालीय, जवळच्यांना बोलवून घ्या.

रेणूला फोन लावला. वाजला, वाजला, बंद झाला. पुन्हा लावला. पुन्हा लावला. शेवटी उचलला. सराचा आवाज.

"साहेब, मी रेणूचा बाप. तिची आई लई शिरियस हाय. तिला लावून द्या, साहेब. पाया पडतो."

"हो, हो. सांगतो मी तिला."

मी यल्लव्वाच्या कानाशी गेलो. म्हणलं, सरानं पाठवली, पोरगी निघाली.

तिनं डोळे उघडले. "कुठं आली?"

नांदेडहून लातूरला येणारी यस्टी मला पाठ हाय. म्हणलं, आत्ता बसली असंल. मग म्हणलं, लोहा आलं. घटकाभरानं म्हणलं, अहमदपूर. मी काय खोटं बोलत नव्हतो. सरानं सांगतो म्हणलं होतं. शिकलेला माणूस सांगतो म्हणला, तर सांगणारच. मधी पुन्हा फोन लावला, कुणी उचलला न्हाई. म्हणलं बसमधे रेंज नसंल.

"कुठं आली वो?"

"चाकूर. आता काय, आलीच."

यल्लव्वा चाकूरपतूर जगली.

माझा भाऊ स्टँडवर जाऊन उभा राहिला. नांदेडच्या गाड्या आल्या, रिकाम्या झाल्या, गेल्या. पोरगी उतरली न्हाई. वस्तीतले म्हणाले, दिवस मावळायच्या आत माती द्यावी लागती. दिली. खड्डा मीच खणला. खाली मुरूम लागला, पहार घ्यावी लागली. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला न्हाई.

रेणू दुसऱ्या दिवशी सकाळी आली. मातीवर पडली. उकरायला लागली नखानं. चार बायांनी धरली तरी आवरंना. मग सांगितलं तिनं. संध्याकाळी फोन परत देताना सर म्हणाला होता, "तुझ्या घरून फोन होता. भट्टी चालू होती, म्हणून डिस्टर्ब नाही केलं."

भट्टी चालू होती.

दहावा झाला. पोरगी नांदेडला निघाली, मी बी तिच्या मागं निघालो. ती म्हणाली, अप्पा, येऊ नका. मी आलो. पिशवीत सुतकी होती. दगड फोडायचा जड हातोडा. माझ्या पिशवीत ती कायमच असती, पण खरं सांगतो, त्या दिवशी ती पिशवीत हाय ह्याची मला आठवण होती.

सर केबिनमधे होता. पोरीला म्हणाला, "झालं ते वाईट झालं. पण आता इमोशनल होऊन चालणार नाही. मला पुढच्या आठवड्यात रीडिंग्ज हवीत." माझ्याकडं बगितलं बी न्हाई.

सराचं डोकं समोर होतं. मधोमध भांग. दगडाला शीर असती, तिच्यावर मारलं की एका घावात दोन तुकडे. मला ती शीर दिसली. सुतकी वर गेली. रेणू किंचाळली. सर खुर्चीसकट भिंतीला जाऊन भिडला.

मारली खणावर. पहिल्या घावात कुलूप गेलं, दुसऱ्यात लाकूड. तिसरा उगंच मारला. फोन बाहेर सांडले. टेबलावरच्या काचेचा चुरा त्यांच्यावर.

"उचला रं आपापले!" मी वरडलो. "कुणाची माय मरती का बगा!"

पोरं दारात गोळा झाली होती. कुणी हात लावंना. शेवटी नाझिया म्हणून एक पोरगी हाय, रेणूच्याच टेबलावर काम करती, ती पुढं आली. काचेतनं आपला फोन उचलला. बोट कापलं तिचं. "मेरी अम्मी भी बीमार है, चाचा," म्हणाली आन् तितंच उभं राहून घरी फोन लावला.

मग वॉचमन आले. मानेला धरून जिन्यावरनं फरपटत खाली नेलं. ढोपरं सोलली.

चौकीत जमादार म्हणाला, "म्हाताऱ्या, साहेब भला माणूस हाय. पाया पड, माफी माग, इषय संपव."

सर बाकड्यावर बसला होता. रेणू माझ्या शेजारी. तिनं माझा हात दाबला. "मागा अप्पा. माझी इतकी वर्षं हायत त्यात. आईची बी हायत."

ते ऐकल्यावर मी वाकलो. पोरीसाठी वाकलो. माझ्या कंबरेला वाकायची सवयच हाय. हात खाली गेला. आन् सरानं बूट पुढं सरकवला. इतकासाच. मला लांब पडू नये म्हणून.

तितनं मी सरळ झालो.

"तू माग," मी म्हणलं. सराला आयुष्यात पहिल्यांदा तू म्हणलं. "माती दिलीय तितं ये आन् तिची माग."

जमादारानं थोबाडीत मारली. दात हलका होता, तो पडला. तो मी चौकीच्या फरशीवरच थुकला.

चौकीतनं सोडल्यावर बसमधे पोरगी माझ्याशी बोलली न्हाई. घरी बी न्हाई. भाकरी थापायची, माझ्यापुढं आदळायची. एक दिवस आपल्या आपण बोलली.

"अप्पा, ती भट्टी आपोआप बंद होती. टायमर असतो. मीच लावला होता. लाईट गेली तर बगायला म्हणून नुस्तं बसवलं होतं मला."

आन् रडली न्हाई. उठली, गाईड बदलून मागितला. कॉलेजातले वरचे साहेब म्हणत्यात, बदलून देऊ, पण विषय नवा, सगळं पहिल्यापासून. जुने नमुने सराच्या कपाटात राहणार. सध्या ती लातुरात एका क्लासमधे केमिस्ट्री शिकवती आन् वाट बगती.

सरानं माझ्यावर तोडफोडीची केस घातली, रेणूनं कॉलेजात सराची तक्रार दिली. आता कमिटी बसलीय. समझोता करा म्हणत्यात. सर माझ्यावरची केस मागं घेतो, आमी तक्रार मागं घ्यायची. रेणू न्हाई म्हणाली. मी म्हणतो म्हणून न्हाई, तिचं ती म्हणाली. मला तर बोलवणारच नव्हते. बोलवत्यात आता, पण शांत बसायचं या अटीवर.

मी शांत बसणार न्हाई. माझ्या बी छातीत तीच धूळ हाय, डॉक्टरनं काळा फोटो दाखवलाय. मला मरायला वेळ कमी हाय आन् भ्यायला त्याहून कमी. सराला दुःख झालंय हे मला ऐकायला नको. लिवून दिलेली माफी नको. मला एवढंच पाहिजे की त्या कॉलेजात कुणाच्या बी टेबलाला पोरांच्या फोनचा खण राहणार न्हाई, आन् माझ्या पोरीचे नमुने तिच्या हातात परत येणार. तवर मी त्या लॅबच्या दारात बसणार. चपलांजवळ न्हाई, उंबऱ्यावर. माझ्यावरनं पाय टाकून सराला आत जावं लागंल.

उचलून न्यायचं असंल तर न्या. सुटलो की पुन्हा तितंच. रोज उचलावं लागंल मला.