जमिनीला टेकलेल्या जटा

कुत्र्याला काट्यावर उभं केलं तेव्हा वजन एक मण पंधरा शेर भरलं. त्या काट्यावर मी कापसाखेरीज दुसरं काही तोललं ते तेव्हा पहिल्यांदा, आणि तेही साहेबाच्या सांगण्यावरून. मी जालन्यात एका जिनिंग फॅक्टरीत वजनाचा कारकून होतो. साहेब तिथे इंजिनीअर. तो हंगेरीचा. त्या देशाचं नाव मी त्याच्याच तोंडून पहिल्यांदा ऐकलं. कुत्रा त्याने पिल्लू असतानाच तिकडून बोटीने आणवला होता. जात कोमोंदोर.

ज्याने पाहिला नाही त्याला हा कुत्रा समजावून सांगणं अवघड आहे. उंची माझ्या मांडीच्या वर, रंग पांढरा, आणि सगळ्या अंगावर करंगळीएवढ्या जाड जटा. डोळेसुद्धा जटांच्या आत. साहेबाकडे एक जाड पुस्तक होतं, त्यात त्याच्या देशातल्या कुत्र्यांची चित्रं होती. काळ्या जटांचा लहानखोर पुली, मऊ पांढऱ्या केसांचा कुवास, शिकारीचा तांबूस, विझला नावाचा. कोमोंदोरच्या चित्रावर बोट ठेवून तो सांगायचा की हे कुत्रे मेंढरं राखतात आणि लांडग्याचा दात या जटांतून आत जात नाही.

पण जटा आपोआप बनत नाहीत. लक्ष दिलं नाही तर केस गुंतून पाठीवर नुसतं घोंगडं होतं. एकेक जट मुळापासून हाताने वेगळी करून वळावी लागते, दर आठवड्याला. कंगवा लावायचा नाही. तेल लावायचं नाही. आंघोळ फक्त चैत्र-वैशाखातल्या कडक उन्हात, कारण या जटा पाणी धरून ठेवतात आणि वाळायला दोन-दोन दिवस घेतात. साहेबाने हे नियम मला इतक्या वेळा सांगितले होते की फॅक्टरीच्या नियमांसारखे ते मला पाठ झाले होते.

माझी थोरली बहीण, आक्का, माझ्याकडे राहायची. तिला कुंभार पिंपळगावला दिली होती. एकविसाव्या वर्षी नवरा गेला, केशवपन झालं, आणि ती लाल आलवणात आमच्याकडे परत आली. दर पंधरा दिवसांनी न्हावी मागच्या दाराने यायचा. त्या दिवशी मी कामावर जरा लवकर जायचो. आक्काचा दिवस वाती वळण्यात जायचा. घरच्या, शेजारच्या, देवळातल्या. कुणी लक्षवातींचा नेम धरला की कापूस आक्काकडे यायचा. शंभर झाल्या की दोरा बांधायची. तिच्या मोजणीत मला कधी एकाचाही फरक सापडला नाही.

एकदा साहेब परभणीच्या फॅक्टरीवर आठ दिवस गेला आणि कुत्रा आमच्या ओसरीवर ठेवून गेला. साहेब समोरच्या त्याच्या घराच्या ओट्यावर बसून जटा वळायचा ते आक्काने खिडकीतून कितीदा पाहिलं असेल, मला कल्पना नव्हती. आठ दिवसांनी त्याने कुत्र्याच्या पाठीवरून हात फिरवला, मग वाकून पाहिलं. जट न् जट मुळापासून वळलेली होती.

"बाबू, ये किसने किया?"

मी आत बोट दाखवलं. आक्का परपुरुषासमोर येत नसे. साहेबाने डोक्यावरची टोपी काढली आणि रिकाम्या दाराला सलाम केला.

तेव्हापासून कुत्रा अर्धा आमचा झाला. सोवळ्यातली बाई कुत्र्याला शिवते म्हणून गल्लीत बोलणं झालंच. शेजारीण दारात उभी राहून म्हणाली, "आक्का, तुमच्याकडं गोसावी उतरलाय म्हनं."

"उतरलाय तर," आक्का म्हणाली. "भिक्षा मागत न्हाई, शिव्या देत न्हाई. तुमच्या घरच्या गोसाव्यापरीस बरा."

शेजारणीचा नवरा दोन्ही गोष्टी करायचा. आक्का हसलेली मी फार वेळा पाहिली नाही, पण त्या दिवशी ती पदराआड बराच वेळ हसत होती.

सिकंदराबादला कुत्र्यांचं प्रदर्शन भरायचं. साहेबाने एकदा मला बरोबर नेलं. मैदानात तंबू, दोऱ्या बांधून केलेला चौक, आणि साहेब लोकांचे, नवाब लोकांचे कुत्रे, तेल लावून विंचरलेले. आमच्याभोवती लोक जमले. कुणी फकीर म्हणत होतं, कुणी अस्वल. परीक्षक एक म्हातारा लष्करी गोरा होता. त्याने खिशातून कंगवा काढून जटांना लावला तसं साहेबाने त्याचं मनगट धरलं. दोघांची बरीच बोलाचाली झाली. शेवटी पुस्तक उघडलं. परीक्षकाने चित्र पाहिलं, कुत्रा पाहिला, आणि तो माणूस खरा निघाला. म्हणाला, मी असा कुत्रा पूर्वी पाहिलेला नाही, पण चित्रात जटा जमिनीला टेकल्या आहेत आणि याच्या चार बोटं वर आहेत. टेकल्या की आणा, मी उभा करीन त्याला पहिल्या रांगेत.

मी वाकून मोजलं. चार बोटंच होती.

परतीच्या गाडीत साहेब पुस्तक मांडीवर घेऊन बसला होता. मनमाडच्या गाडीचा प्रवास लांबचा. नांदेड गेल्यावर तो एवढंच बोलला की त्याचा बाप आणि आजा मेंढरं राखायचे, आणि त्यांच्या कुत्र्याला कुणी कधी अस्वल म्हटलं नव्हतं.

मग युद्ध आलं. पुढे त्याचा देश शत्रूच्या बाजूला गेला आणि एके दिवशी पोलीस साहेबाला न्यायला आले. त्याला कुठल्याशा छावणीत ठेवणार होते. कुत्र्याची दोरी त्याने माझ्या हातात दिली. "बाबू, जमीन तक," तो म्हणाला. मी म्हटलं, "साहेब, जमीन तक." माझ्याकडून त्याने घेतलेलं वचन एवढंच.

आम्ही ते पाळलं. आम्ही म्हणजे आक्काने. दर रविवारी मी मोजायचो. चार बोटांची तीन झाली, पुढच्या वर्षी दीड. उन्हाळ्यात ती कुत्र्याला फॅक्टरीच्या दगडी गोदामात नेऊन बसवायची आणि स्वतः बाहेर बसून वाती वळायची. जटा एकदा तिने सगळ्या मोजल्या. एक हजार एकशे बारा. दोन वर्षं प्रदर्शन भरलं नव्हतं. त्या साली दसऱ्यानंतर कळलं की दिवाळी झाली की भरतंय. आणि त्याच आठवड्यात, अश्विनातल्या रविवारी, मी वाकलो तर जट आणि फरशी यांच्यामध्ये माझं बोट जाईना. पुठ्ठ्याचा कागद सरकवून पाहिला. तोही अडकला.

"टेकल्या?" आक्काने विचारलं.

"टेकल्या."

तिने कुत्र्याच्या कपाळाला हात लावून कानशिलावर बोटं मोडली, लेकराची दृष्ट काढतात तशी.

नरकचतुर्दशीला मी चार वाजता न्हालो आणि लगेच फॅक्टरीत गेलो. हंगाम सुरू झाला होता आणि कापसाच्या गाड्या रात्रीपासून उभ्या होत्या. उन्हं आल्यावर फराळाला घरी आलो तर कुत्रा अंगणात, पाटावर. पाटाभोवती रांगोळी. अंगातून पाणी निथळत होतं. उटण्याचा आणि सुगंधी तेलाचा वास दारापर्यंत येत होता. ओवाळायला आक्काने माझ्या बायकोला लावलं होतं, कारण ओवाळणं तिला चालत नव्हतं. तिने स्वतःच्या डोक्याला बावीस वर्षांत सुगंधी तेलाचं बोट लावलं नव्हतं. त्या सकाळी अर्धी वाटी तिने कुत्र्याच्या अंगात जिरवली होती.

"घरातलं सगळं न्हालं," ती खुशीत म्हणाली. "हाच एक पारोसा राहिल्ता. आज न्हालं न्हाई तर नरकात जातंय माणूस. आन् प्रदर्शनाला जायचंय त्याला, नवरदेव हाय आपला."

नियम तिला माहीत होते. माझ्याइतकेच पाठ होते. एका दिवसाने काय होतंय, असं तिला वाटलं असणार.

मी काय बोललो ते लिहायला पाहिजे, नाहीतर बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही. मी म्हणालो, "तू ज्याला हात लावशील त्याचं असंच होतंय. नवऱ्याचं झालं तेच."

माझी बायको तबक घेऊन उभी होती. आक्काच्या हातात पंचा होता. तिने तो घडी करून पाटावर ठेवला आणि आत गेली.

त्यानंतर तीन दिवस आभाळ भरलेलं आणि गार वारा. जटा वरून वाळल्या, आतून ओल्याच. उटण्याचं पीठ मुळाशी बसलेलं. मी कोरडी फडकी लावली, कोळशाची शेगडी जवळ ठेवली. आक्का दारात उभी राहायची.

"भाऊ, हात लावू का त्याला?"

मी हो म्हणायचो. मग ती यायची. दर खेपेला विचारायची. त्याआधी तिने कधी विचारलं नव्हतं, आणि त्यानंतर कुत्रा होता तोवर विचारल्याशिवाय तिने त्याला हात लावला नाही.

पाचव्या दिवशी वास यायला लागला. जनावरांचा डॉक्टर, ज्याला आमच्याकडे सलोत्री म्हणतात, त्याने दोन जटा बाजूला करून पाहिलं. खालची कातडी लाल, ओली, जागोजागी सुटलेली. "कीडे पडने से पहले पूरा उतार दो," तो म्हणाला. "आज के आज."

एवढे दाट केस उतरवायला न्हावीच लागणार होता, आणि आमच्या घरी येणारा न्हावी एकच होता. तो सवयीने मागच्या दाराने आला. हातातली पेटीही तीच.

"आक्का, तुमी आत जावा," तो म्हणाला. "तुमाला बघवायचं न्हाई."

"मी धरते त्याला. दुसऱ्याकडं थांबायचा न्हाई तो." मग माझ्याकडे पाहून, "धरू का?"

मी मान हलवली. ती फतकल मारून बसली, कुत्र्याचं डोकं मांडीवर घेतलं. आधी कात्री चालली, मग वस्तरा. पहिल्यांदा वस्तरा लागला तसा कुत्रा थरथरला. आक्का त्याच्या कानाशी वाकली. तिचा आवाज अगदी नेहमीचा होता.

"मान खाली घाल बाबा. हाललं न्हाई तर लागत न्हाई. डोळे मिटून घ्यायचे. होतंय लवकर."

न्हाव्याचा हात थांबला. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. वस्तरा पुन्हा पट्ट्यावर घासायला घेतला, जरा जास्तच वेळ.

उतरवलेल्या जटा मी फॅक्टरीत नेऊन तोलल्या. सात शेर. कुत्रा तोलला तर एक मण सात शेर. पहिल्या वजनापेक्षा बेरीज एक शेराने कमी भरत होती. तो शेर त्या पाच दिवसांत त्याच्या अंगावरून गेला होता.

प्रदर्शन आमच्याशिवाय झालं. जखमा भरत आल्या होत्या, पण उघड्या अंगाला पौषातली थंडी सोसली नाही. आक्काने स्वतःची घोंगडी विचारून त्याच्यावर घातली होती. तो गेला तेव्हा अंगावर पाव इंच केस आले होते. ते मी मोजले.

माघात साहेबाचं छावणीतून कार्ड आलं. त्यावर एकच प्रश्न होता, जटा टेकल्या का. मी माझ्या मोडक्या इंग्रजीत उत्तर लिहिलं की अश्विनातल्या रविवारी जटा जमिनीला टेकल्या, कागद मध्ये सरकला नाही. यातला एकही शब्द खोटा नव्हता. पुढचं लिहिलं नाही. मी आयुष्यात वजनाचा आकडा कधी खोटा लिहिला नाही, पण ते कार्ड मी खोटंच धरतो. साहेबाचं उत्तर आलं. त्याने फक्त आक्काला सलाम लिहिला होता. तो मी तिला वाचून दाखवला. युद्ध संपल्यावर तो परस्पर त्याच्या देशी गेला असं ऐकलं.

सलाम वाचून दाखवला त्याच दिवशी मी आक्काजवळ बसून म्हणालो, "त्या दिवशी मी बोललो ते..."

"राहू दे," ती म्हणाली. वाती वळणं थांबलं नाही.

"न्हाव्याला मी सांगतो. उद्यापासून येऊ नको म्हणून. लोक काय म्हणायचं ते म्हणू देत." आणि तिचा हात थांबत नाही म्हणून मी घाईने पुढे म्हणालो, "महिन्याला अर्धा इंच धर. वर्षाला सहा. चार वर्षांत कमरेपर्यंत येतील."

ती हसली. पदराआड नाही, सरळ माझ्याकडे बघून.

"मंग कोनत्या प्रदर्शनाला नेतोस मला?" ती म्हणाली. "आता सगळे पांढरेच येतील रे. राहू दे. सवय झालीय."

शंभर भरल्या होत्या. तिने दोरा बांधला.

पुढच्या खेपेला न्हावी आला त्या दिवशी मी कामावर लवकर गेलो नाही. मागच्या दाराच्या उंबऱ्यावर जाऊन बसलो. आक्का म्हणाली, "जा ना, उशीर होईल तुला." मी बसून राहिलो. तिने मान खाली घातली, डोळे मिटले. फॅक्टरीचा पहिला भोंगा झाला तेव्हा न्हाव्याने सुरुवात केली, आणि दुसरा व्हायच्या आत तो पेटी आवरत होता. दोन भोंग्यांमध्ये दहा मिनिटं असतात. एवढाच वेळ लागतो, हे मला बावीस वर्षं माहीत नव्हतं.