दाव्यासकट

जुना फोन बदलावा की अजून वर्षभर ओढावा, हे ठरेना म्हणून मी नंदुरबारच्या एका मोबाईलच्या दुकानात गेलो. माझ्यापुढे कोरीटकडचे एक आबा होते. नव्या फोनच्या पाठीवरून बैलाच्या फिरवावा तसा हात फिरवून त्यांनी विचारलं, "मारका नही ना?"

जुना फोन देऊन नवा घ्यायचा, असा सौदा ठरला. दुकानदार म्हणाला, "आबा, चार्जर बी द्या."

आबांनी चार्जर घट्ट गुंडाळून खिशात घातला. "जनावर इकतस भो, दावं इकतस नही. दावासंगे घरनी लक्ष्मी जास."

तेवढ्यात जुन्या फोनची बॅटरी संपली. दुकानदारानं दुकानातले सगळे चार्जर लावून पाहिले, फोन उठेना. आबांनी खिशातला आपला लावला. फोन लगेच उजळला.

आबांचे डोळे भरून आले. "दुसराना दावाले उठस नही, त्याले कसा इकू?" म्हणत ते फोन घेऊन चालते झाले.

मग माझा नंबर आला. माझ्या फोननं दुकानातल्या पहिल्याच परक्या चार्जरला तोंड लावलं. इतकी लाज वाटली, की मी तो तिथंच विकून टाकला. दाव्यासकट.