वाळूची पिवळी पिशवी

वाळवंटाकाठच्या तोझर गावातल्या सरकारी दवाखान्यात मब्रूका बावीस वर्षं पोट तपासायच्या दुर्बिणी धुते. गावातल्या निम्म्या लोकांची आतडी तिनं पडद्यावर पाहिली आहेत. लग्नकार्यात भेटल्यावर ती तसं दाखवत नाही, एवढंच.

तिचं घर दवाखान्याच्या भट्टीला लागून. दुर्बिणीच्या खोलीतलं सगळं, रक्ताळलेला बोळा असो, कोरं वेष्टण असो की डॉक्टरांच्या पावाचा कागद, पिवळ्या पिशवीत पडायचं, भट्टीत जायचं आणि दुपारी काजळी होऊन तिच्या चादरींवर उतरायचं. यंदा उन्हाळ्यात पारा पन्नाशीला टेकला आणि नवऱ्याचा दमा चाळवला. खिडकी लावली की तो गुदमरे, उघडली की खोकत सुटे. शेवटी मब्रूकानं कोरा कागद, कोरं प्लास्टिक वेगळ्या काळ्या पिशवीत टाकायला सुरुवात केली. पिवळ्या पिशव्या निम्म्यावर आल्या. नवऱ्याला झोप लागू लागली.

मग कार्यालयातले सी नाजी, म्हणजे नाजीसाहेब, आले. विभागाचं काम ते पिवळ्या पिशव्यांच्या वजनावरून ठरवत.

"मावशी, वजन निम्मं. म्हणजे पेशंट निम्मे."

"बाहेर बाकावर बघा की! टेकायला जागा नाही."

"फॉर्मवर बाकाला रकाना नाही. पुढच्या महिन्यात असंच दिसलं तर तुमची नेफ्त्याला बदली."

तेवढ्या लांब नेफ्त्याला गेली तर कामातून मधेच घरी येऊन नवऱ्याकडे कोण बघणार? आणि पिशव्या पुन्हा भरल्या तर तो खोकणार.

दुसऱ्या दिवशी वाळवंटाकडून शहीली वारा सुटला. पूर्वी हा पाहुण्यासारखा कधीतरी यायचा, आता घरच्यासारखा येतो. खिडकीत साठलेली वाळू मब्रूकानं झाडली आणि पिवळ्या पिशवीत भरून तोंड बांधलं. वजन झकास भरलं.

संध्याकाळी भट्टीवाला लारूसी दारात हजर.

"काय गं, कुणाची आतडी होती ती? पिशवी जळाली, आतलं जसंच्या तसं!"

"धूर आला?"

"नावालाही नाही."

"मग नव्या पिशवीत भर आणि सकाळी काट्यावर ने."

लारूसीनं विचार केला. त्याच्याही घराचं दार धुराड्याकडेच होतं.

"मग जाळायची तरी कशाला? काट्यावरून तशीच परत आणतो."

तेव्हापासून ती पिशवी रोज सकाळी काट्यावर जाते आणि दुपारी परत येते. काम वाढवल्याबद्दल सी नाजींनी विभागाला प्रशस्तिपत्रक दिलं.

नवरा हल्ली खोकत नाही. खिडकी आता सताड उघडी असते, तर अंथरुणात वाळू टोचते म्हणून कुरकुरतो. मब्रूका त्याला पोटभर कुरकुरू देते.