इरल्याखालची आई

माझी आई सकाळी इरल्यात शिरते आणि संध्याकाळी इरलं तिला परत देतं, अशी पाचव्या वर्षी माझी समजूत होती. बांबूच्या कामट्यांत पानं विणून केलेलं ते इरलं डोक्यावरून पार कमरेपर्यंत यायचं. ते पाठीवर घेऊन ती वाकली, की आई उरायचीच नाही. गुंजवणे गावाच्या खाचरांत भातलावणीला अशी आठ-दहा इरली ओळीनं मागं मागं सरकायची आणि त्यांच्यापुढं हिरवं उमटत जायचं. ते हिरवं आईच्या बोटांतूनच निघतं, असं मला वाटे. यात कष्ट असतात, हे कुणी सांगूनही पटलं नसतं. मला उलट हेवा वाटायचा. बायका दिवसभर चिखलात खेळणार, गाणी म्हणणार, आणि मी मेली बांधावर बसून राहणार.

तेव्हा भोरचं संस्थान होतं, आमच्या खोऱ्यातल्या धरणाचं नावही कुणी ऐकलं नव्हतं. गावामागचा गड ढगात बुडालेला असायचा. सगळं इतकं धूसर, की नजर काढली तर आई विरघळून जाईल अशी मला धास्ती होती. आईला ते ठाऊक होतं. ती म्हणायची, "माज्या इरल्याकडं बगत ऱ्हा. मंग म्या कुटं जात न्हाई." तिच्या इरल्याला खांद्यापाशी पळसाच्या ताज्या पानांचं ठिगळ होतं. मी ते ठिगळ डोळ्यांनी घट्ट धरून ठेवायचे.

एके दिवशी धाकटी काकी इरल्याविनाच आली. तिचं इरलं रात्रीतून शेळीनं खाल्लं होतं. शेळीला काय, पान ते पान. काकीला दिवस गेलेले, आणि ती पोत्याची खोळ पांघरून कुडकुडत वाकली होती. दुपारी सगळ्यांनी बांधावर भाकरी खाल्ली आणि पोट भरल्यावर मी पेंगले. जागी झाले तेव्हा पाऊस दाट झाला होता, बायका पुन्हा ओळीत होत्या. मी ठिगळ शोधलं. सापडलं, तशी निवांत झाले.

पोतं मात्र सारखं ताठ होऊन माझ्याकडं बघत होतं. चार रोपं लावायची, की बघायचं. पावसात तोंड दिसत नव्हतं, पण मला राग आला. काकीनं कामही चुकवावं आणि वर माझ्यावर डोळे ठेवावेत? मी तिला चांगली लांब जीभ काढून दाखवली.

दिवस कलला. ठिगळाचं इरलं बांधावर आलं, उतरलं, आणि खालून काकी निघाली. दुपारभर मी जिला सांभाळलं ती आई नव्हतीच. मी भोकाड पसरलं. तेवढ्यात मागून पोतं आलं आणि त्यातून आईचं तोंड निघालं. ओठ निळे पडलेले, बोटं पांढरीफटक, सुरकुतलेली. त्या बोटांतून आपोआप काही निघत नाही, हे मला तेव्हा कळलं.

तू इरल्यात का नव्हतीस, असं मी हुंदके देत विचारलं.

"तू इरल्याकडं बगत हुतीस," ती म्हणाली, "म्या तुज्याकडं बगत हुते."

म्हणजे ती जीभ मी आईलाच दाखवली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी निघताना काकी ते इरलं माझ्या डोक्यावर धरायला लागली. मी बाजूला झाले आणि आईच्या पोत्यात शिरले. ते गच्च भिजलेलं होतं, त्याला कुबट वास येत होता, आणि आत आई होती.