बुऱ्हाणपुरात फेस काढलेली वाइन

बुऱ्हाणपूर स्टेशनावर साडू भास्करराव मला घ्यायला आले ते वही-पेन घेऊनच. "पाहुणे, आधी कृती सांगा. चहा घरी."

त्यांच्या कल्याणीला बघायला संध्याकाळी पुण्याहून मंडळी येणार होती. मुलाच्या वडिलांनी फोनवर सहज सांगितलं होतं, की आमच्याकडे शुभकार्याला फेसाळती वाइन लागते. झालं! केळीच्या एवढ्या बागा, एमएस्सी झालेली मुलगी, तरी भास्कररावांना चार दिवस एकच घोर: आपण गावंढळ ठरलो तर चांगलं स्थळ हातचं जाईल. बाटल्या इंदूरहून आणवल्या आणि तज्ज्ञ म्हणून मला बोलावलं. मी एकदा नाशिकच्या एका वाइनरीत दीड तास उभा होतो, एवढीच माझी विद्या. पण गावात कोणी विचारत नसेल तर माणसाने साडूच्या घरी भाव खाऊन घ्यावा.

"ग्लासात दोन चमचे पीच लिकर (पीचची गोड दारू), वर थंडगार वाइन. ढवळायचं नाही," मी सांगितलं. भास्कररावांनी ते टिपून घेतलं.

स्टेशनाजवळच्या लालबागेतल्या घरी अंगणात गोकुळभाऊ हलवाई मावा जिलेबी (खव्याची, जाड आणि काळपट) तळत होते. दोन खाल्ल्या आणि तिसरीला नाही म्हणायचं राहून गेलं. मग त्यांच्यासमोर एक बाटली उघडून दाखवली. फेस भसाभसा बाहेर आला. मी ऐटीत अंघोळीला गेलो.

परत येतो तर सगळ्या बाटल्या रिकाम्या. लिकरसकट सगळी वाइन एका पातेल्यात, आणि गोकुळभाऊ हातात झारा घेऊन घामाघूम.

"साहेब, बहोत मळी होती. पाकाला पण एवढी येत नाही. पूर्ण काढली, आता एकदम साफ. पाकात टाकतो तसं दूध टाकून अजून साफ करणार होतो, म्हटलं तुम्हाला विचारून घेऊ."

मला रडावं की हसावं कळेना. दुसरी बाटली मिळायला इंदूर गाठावं लागलं असतं, आणि पाहुण्यांची गाडी तर दारात उभी होती.

ग्लास भरले. मुलाच्या वडिलांनी घोट घेतला, डोळे मिटले. "वा, अस्सल! युरोपात अशीच मिळते."

"उंची वाइनला फेस नसतोच," मी म्हणालो. लाज म्हणून वाटली नाही.

कल्याणीने ट्रे खाली ठेवून स्वतःच एक ग्लास उचलला. भास्कररावांचा चेहरा पडला. "ही तर सपक आहे," ती म्हणाली आणि मुलाकडे वळली. "तुम्हाला कशी वाटली?"

मुलाने आधी वडिलांकडे पाहिलं. "पप्पांना आवडली ना? मग छानच आहे."

पाहुणे गेल्यावर तिने सांगून टाकलं, "पप्पा, हे स्थळ नको. स्वतःच्या जिभेवरची चव बापाला विचारून सांगतो, त्याच्याबरोबर मी काय संसार करू?"

"मी म्हणत होतो, दूध टाकायला पाहिजे होतं," गोकुळभाऊ पुटपुटले.

दुसऱ्या दिवशी कल्याणीच मला स्कूटीवरून स्टेशनला सोडायला आली. "काका, वाइनचा फेस गेलाय हे तुम्हाला माहीत होतं ना?"

"हो."

"मग तुमच्यात आणि त्या मुलात फरक काय?"

गाडी आली, बसलो. तापीचा पूल मागे पडला, केळीच्या बागा संपल्या, तेव्हा कुठे फरक सापडला. मी तिच्या मावशीला बघायला गेलो होतो तेव्हा तिने मला काहीच विचारलं नव्हतं.