बांधावरचं जांभूळ

यंदा ज्येष्ठात पुण्याहून निघाले ती पिशवीत दोन रिकामे डबे घेऊन. दौंडकडचे माझ्या ओळखीचे शेतकरी आप्पा, त्यांच्या बांधावरची जांभळं आणायची होती. मी आहारावर लिहिते. गेल्या वर्षी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की विमानानं येणारी महागडी परदेशी फळं कशाला हवीत? आपल्या जांभळाच्या काळपट रंगातच अँटिऑक्सिडंट (पेशींची झीज रोखायला मदत करणारी द्रव्यं) भरपूर असतात, आणि झाडाला ना पाणी लागतं ना फवारणी. सोबत झाडाचा फोटो, गावाचं नाव, आप्पांचं नाव. सगळं छापलं.

कोरेगाव भीमाला कंपन्यांची शिफ्ट सुटलेली, एसटी जागची हलेना. शिरूरच्या स्टँडबाहेर प्लास्टिकच्या डबीतली जांभळं दिसली. विकणाऱ्याला विचारलं, "इथलीच का?"

"न्हाई ताई, गुजरातची. हितं झाडं ऱ्हायलीत कुठं?"

एक तोंडात टाकलं. पाणचट. पुढची गाडी न्हावऱ्यावरून दौंड तालुक्यात शिरली, दोन्ही बाजूंना नुसता ऊस. कंडक्टर माझा थांबा विसरला आणि खुटबावकडच्या फाट्यापासून भर उन्हात मागं चालत यावं लागलं. त्याला मनातल्या मनात चार शिव्या दिल्या.

वस्तीवर पोचले तर बांधावर झाड नव्हतं. गुडघाभर खोड उरलं होतं आणि त्याला खेटून तारेचं कुंपण.

आप्पा ओट्यावर बसले होते. "या बाई. च्या घ्या," म्हणाले.

बांधापलीकडची वस्ती नानींची. नानी म्हणजे आप्पांच्या मयत चुलतभावाची बायको. दोन्ही घरांचा जुना रिवाज होता. झाडाखाली चवाळं (गोणपाटं शिवून केलेलं अंथरूण) धरायचं, दोन टोकं ह्यांची, दोन त्यांची. एकानं वर चढून फांदी हलवायची, पडेल ते तिथंच बसून खायचं. विकायचं नाही.

"तुमचं छापून आलं आन् पुण्याच्या गाड्या लागल्या," आप्पा सांगत होते. "एकानं अख्ख्या झाडाची फळं इकत मागितली. माझा पोरगा म्हनला झाड आमचं, पलीकडचा पुतन्या म्हनला आमचं. सरकारी मोजणी आणली. हद्द बुंध्याच्या बरोबर मधनं गेली."

"मग?"

"मग काय, तुला ना मला, घाल कुत्र्याला. तोडलं." चहाचा कप माझ्यापुढं सरकवत म्हणाले, "तुमची चूक न्हाई बाई."

त्यापेक्षा त्यांनी मला हाकलून दिलं असतं तर बरं झालं असतं. आधी त्या दोन पोरांचा राग आला, मग माझा स्वतःचा.

नानींकडं जायला आता कुंपणामुळं सडकेवरून वळसा पडतो. नानींनी बसायला घोंगडी दिली आणि पहिलं हेच विचारलं, "आप्पांचा गुडघा कसा हाय? आमचं बोलणं न्हाई आता."

मग त्या मला घरामागं ओढ्यात घेऊन गेल्या. तिथं एक झाड लगडलेलं, जांभळाचं नव्हे, दुसऱ्याच फळाचं. ओंजळभर फळं हातावर ठेवली. आंबट, तुरट, शेवटी गोड. असं फळ मी कितीतरी वर्षांत खाल्लं नव्हतं.

"हे बी लई औषधी हाय," नानी म्हणाल्या. "पन लिवू नका. दोन्हीकडची बारकी पोरं शाळा सुटल्यावर हितं येत्यात. घरी कुणाला ठाव न्हाई. मी बी बघून न बघितल्यावानी करते."

मी मान डोलावली. डबे रिकामेच घेऊन निघाले.

परतीच्या गाडीत संपादकांचा फोन आला. "बोला, यंदा कुठलं दुर्मिळ फळ?"

"काही मिळालं नाही," मी म्हणाले.

वाचकहो, तुम्हांलाही त्या फळाचं नाव सांगणार नाही. काय खावं ते आजवर तुम्हांला सांगत आले. एवढं एक झाड त्या पोरांना खाऊ द्या.