सासऱ्यांच्या हातातलं पेन

लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी मला मधमाशी चावली आणि घशात घास अडकावा तसा श्वास अडकला. दौंडच्या डॉक्टरांनी वाचवलं, पण बजावलं, "पुढच्या वेळी इथवर पोचाल याचा भरवसा नाही." आमचं गाव भीमेकाठचं वडगाव रासाई, आणि आमच्या रानात कांद्याचं बियाणं. डेंगळे, म्हणजे कांद्याच्या फुलांचे दांडे, फुलले की माश्यांचा नुसता बाजार भरतो. माझे मालक कुरकुंभला कंपनीत. तिथले एक साहेब परदेशी जायचे, त्यांनी डॉक्टरांची चिठ्ठी नेऊन तिकडून औषधाचं पेन आणलं. लिहायचं नव्हे, टोचायचं. टोपण काढायचं, मांडीला बाहेरच्या बाजूनं दाबायचं, दहापर्यंत मोजायचं आणि थेट दवाखाना गाठायचा. लुगड्यावरून टोचलं तरी चालतं. उन्हात ठेवायचं नाही, फ्रिजमध्येही नाही. फ्रिज होता कुणाकडं म्हणा!

सोबत बिनसुईचं, सरावाचं पेन होतं. मालकांनी घरच्यांना शिकवायला घेतलं. सासूबाईंनी उशीवर असा जोर लावला की जीव असता तर उशी मेलीच असती. माझे सासरे, त्यांना मी मामा म्हणते, ते मात्र चपला घालून बाहेर निघून गेले.

आमच्यात सासऱ्यानं सुनेकडं मान वर करून बघायचं नाही, अशी रीत. मामा त्यात फारच कडक. चहा हवा असला तरी गोठ्यातल्या म्हशीला विचारायचे, "आज चहा मिळंल का न्हाई?" म्हैस काय करणार, मीच करायचे. मला राग यायचा. एका घरात राहून मी या माणसाला दिसतच नव्हते. मालक तर आपल्या वडलांबद्दल स्पष्टच म्हणाले, "घरात एकले आबा असले, तर घरात कुणीच न्हाई असं समज." त्या बोलण्याची मला खरंच भीती बसली.

एकदा मात्र पेंडीच्या पोत्यावर मामा सरावाचं पेन दाबताना दिसले. चाहूल लागताच त्यांनी ते बंडीत लपवलं. मीही काही पाहिलं नाही असं दाखवलं.

मग ती दुपार आली. सासूबाई कासुर्डीला लग्नाला गेलेल्या, मालक शिफ्टला. डेंगळ्यांत खुरपताना मानेवर डंख बसला. कशीबशी घरी आले आणि ओट्यावरच बसकण मारली. ओठ, डोळे सुजले, तोंडातून शब्द फुटेना. मामा समोर उभे. कुणी बाईमाणूस दिसतंय का, म्हणून त्यांनी रस्त्याकडं पाहिलं. कुणी नव्हतं. मला वाटलं, संपलं सगळं. तेवढ्यात ते आत धावले, पेन घेऊन आले आणि माझ्या शेजारी टेकले. "पाय हालवू नगं, लेकी," म्हणत एका हातानं त्यांनी माझा गुडघा दाबून धरला आणि दुसऱ्यानं पेन टोचलं. मोठ्यानं मोजत होते. दहा होऊन गेले तरी मोजतच राहिले.

शेजाऱ्यांच्या जीपमधून दौंडला पोचेतो श्वास मोकळा झाला होता. डॉक्टरांनी सलाईन लावलं आणि मामांना सांगितलं, "औषध ओसरलं की त्रास उलटू शकतो. इथंच बसा, चेहऱ्यावर लक्ष ठेवा. सूज वाढली की हाक मारा." मामा स्टुलावर बसले. माझा हात सवयीनं तोंडावर पदर ओढायला गेला.

"राहू दे," मामा म्हणाले. "मला दिसाय पायजे."

दिवेलागणीपर्यंत ते बघत राहिले. पाणी प्यायलाही उठले नाहीत. एवढ्या मायेनं माझ्याकडं माहेरीही कुणी बघितलं नसेल.

संध्याकाळी डॉक्टर आले. "काय आबा, पहिल्यासारखा झाला का चेहरा?"

मामा खाली बघत म्हणाले, "पहिला कसा व्हता ते मला ठावं न्हाई, डॉक्टर. मी कवा बघितलाच न्हाई."

मला हुंदका आवरेना. मामा घाबरून उभेच राहिले. "डॉक्टर, थांबा! बघा, बघा, परत सुजाय लागला!"